घराची वेळ

‘कुटुंबातील व्यक्तीची सेवा केल्याने स्त्रीच्या शरीरावर ताण येत नाही, हे आता मोजून सिद्ध झाले आहे.’

राज्य कुटुंबस्वास्थ्य प्राधिकरणाच्या वार्षिक निवेदनातले हे पहिले वाक्य. डॉ. सुनयना गावंडे हिने ते नागपूरहून अमरावतीला जाणाऱ्या बसमध्ये, मांडीवरच्या पडद्यावर वाचले; आणि आयुष्यभर विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला जी सवय जडते तिच्या आहारी जाऊन त्या वाक्याचे तुकडे पाडायला घेतले.

‘सेवा’. परिशिष्टात व्याख्या होती: राहत्या घरात, विनामोबदला, दिवसाचा मोठा भाग. म्हणजे रुग्णालयात ज्या कामाला पाळी, पगार आणि साप्ताहिक सुट्टी असते, तेच काम. घराचा उंबरठा ओलांडला की त्याचे नाव बदलत होते, आणि नाव बदलताच त्याचे वजन नाहीसे होत होते. ‘कुटुंबातील व्यक्ती’. बहुतेक घरांत ती व्यक्ती म्हणजे नवऱ्याचे वडील किंवा नवऱ्याची आई. खुद्द नवऱ्याची सेवा मोजणीत धरलेलीच नव्हती. हवापाण्यासारखी ती गृहीत असावी. ‘स्त्री’. या शब्दाला तळटीप होती: ‘एकट्या राहणाऱ्या स्त्रियांमध्ये हा गुण पुरेसा विकसित झालेला आढळत नाही.’ सुनयनाचे वय सत्तावन्न, आणि ती एकटी राहत होती. शासनाने आपल्याला अर्धविकसित ठरवले आहे, हे तिने शांतपणे वाचले. एके काळी युरोपातले विद्वान वैद्य मानत, की बाईचे गर्भाशय तिच्या अंगात भटकत असते आणि तिची सगळी दुखणी त्या भटकंतीतून उपजतात. त्यांच्याकडे निदान मोजण्याचे यंत्र नव्हते, एवढी सबब होती.

सगळे शब्द निघाले. एक मात्र जागचा हलेना: ‘मोजून’.

तेच तर दुखणे होते. आकडे खोटे नव्हते. सुनयनाने ते दोन वर्षे तपासले होते. रात्रंदिवस म्हणावे इतके तपासले होते. लाखो घरांतल्या लाखो दंडांवरून आलेले आकडे एकमुखाने सांगत होते, की सासऱ्याला भरवून, पुसून, कुशीवर वळवून उठलेली बाई संध्याकाळी घरातल्या कुणाहीपेक्षा निवांत असते. खाली सही होती: डॉ. मुकुंद खानझोडे, अध्यक्ष. ज्यांच्या हाताखाली सुनयनाने प्रबंध लिहिला, आकड्यांवर प्रेम करायला ती ज्यांच्याकडून शिकली, तेच खानझोडे सर.

त्या मोजणीमागचे शास्त्र अवघड नव्हते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. संकट आले की जास्त, निवांतपणी कमी. त्याचा अंश घामात उतरतो. दंडावर चिकटवलेली बोटभर पट्टी तो अंश वाचते. अडचण एवढीच, की कॉर्टिसॉल काही केवळ चिंतेने चढत नाही. पहाटे ते आपोआप चढते, दिवसभर उतरत जाते, आणि पोटभर जेवल्यावरही काही काळ थोडे वर येते. हा जेवणाचा चढ ताणात धरला, तर पुरणपोळीसुद्धा आजार ठरायची. म्हणून खानझोडे यांनी ‘संध्यामापन’ बसवले. रात्रीचे जेवण झाले की घराने तसे कळवायचे. त्यानंतरच्या दीड तासात पट्टी जे वाचेल, त्यातून जेवणामुळे अपेक्षित असलेला चढ वजा करायचा. उरेल तो त्या माणसाचा खरा ताण. कमी असेल तर पट्टीवर हिरवी रेघ, मध्यम असेल तर केशरी, फार असेल तर लाल.

पट्टी घरोघरी पोचून चार वर्षे झाली नव्हती, आणि रंग लोकांच्या बोलण्यात मुरले होते. स्थळांच्या माहितीत ‘हिरवी, गृहकृत्यदक्ष’ असे लिहून येऊ लागले. कुटुंब न्यायालयात वकील अशिलाचा दंड उघडा करून दाखवत. कचेऱ्यांत लाल पुरुषांना विश्रांतीची रजा मिळे, आणि ते आपली रेघ पदकासारखी मिरवत. मुख्य म्हणजे, घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर शासन पगारी सेवक पाठवणार होते, पण कुठे? जिथे सांभाळणाऱ्याची पट्टी सलग महिनाभर केशरी किंवा लाल दाखवेल, त्याच घरी. सांभाळणाऱ्या बहुतेक बायका होत्या, बायका हिरव्या होत्या, आणि शासनाचे पुष्कळ सेवक त्यामुळे वाचत होते.

सुनयनाने एक उत्तर शोधून पाहिले होते. फार काळ दमलेल्या शरीराच्या ग्रंथीच थकतात आणि कॉर्टिसॉल चढेनासे होते. यंत्र त्या थकव्याला शांती समजत असावे, असे तिने मांडले. पण त्याच बायकांचा पहाटेचा चढ ठणठणीत निघाला. खानझोडे यांनी भर परिषदेत तिचे खंडन इतक्या सौजन्याने केले, की तिलाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. त्यानंतर ती गप्प होती. हरल्याचे दुःख ओसरले; उरला तो कंटाळा, आपण बरोबर आहोत हे ठाऊक असून तसे दाखवता न येण्याचा.

अमरावतीच्या घरी तिचा धाकटा भाऊ हर्षल, त्याची बायको योगिता आणि दीड वर्षापूर्वी पक्षाघाताने आडवे झालेले बाबा राहत. हर्षल वीज कंपनीत अभियंता. योगिता कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवी. दार योगितानेच उघडले.

“या ताई. चपला आत घ्या, शेजारचं कुत्रं नेते.”

तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत पांढरी जाळीची पट्टी गुंडाळलेली होती.

“हाताला काय झालं गं?”

“बाबांचं अंग पुसायचं पाणी. उभ्या उभ्या डोळा लागला माझा. कढत पाणी अंगावर आलं तेव्हा कळलं.”

“मी म्हटलं होतं, गिझरचं घेत जा म्हणून,” आतून हर्षल म्हणाला.

“गिझर बाबांना कुशीवर वळवत असेल तर तेही सांग. दोन बसवून घेऊ.”

सुनयना बाबांच्या खोलीत गेली. खोली स्वच्छ होती. पाठीला जखम नव्हती, चादरीला वास नव्हता. हे असे राहायला काय पडते, ते तिला माहीत होते. दिवाळीच्या सुट्टीत तिने बाबांना आपल्याकडे नागपूरला नेले होते. तिसऱ्या संध्याकाळी तिची पट्टी लाल झाली, आणि महिनाभर लालच राहिल्यावर ‘आपणास विश्रांतीची गरज आहे’ असा निरोप येऊन सेवक दारात उभा राहिला. तो तिच्या पत्त्यापुरताच होता. बाबा अमरावतीला परतले, सेवक परत गेला. योगिता तेव्हा फोनवर हसली होती: “तुम्ही नशीबवान ताई. तुमच्या घामाला किंमत आहे.”

बाबांनी चांगल्या हाताने तिचे बोट धरले. “सु...नू,” ते म्हणाले, आणि लगेच नजर दाराकडे वळवली. त्यांना योगिता हवी होती. तहान कधी लागते ते तिला न सांगता कळे.

चहा घेताना तिसऱ्या नकाराची गोष्ट निघाली. सेवकासाठी केलेला अर्ज पुन्हा फेटाळला गेला होता. कारण एकच: सांभाळकर्ती हिरवी.

“प्राचार्य म्हणाले, हिरव्या बाईला मी कशाच्या आधारावर रजा देऊ?” योगिता म्हणाली. “महिनाअखेर पूर्ण वेळ हजर व्हा, नाही तर राजीनामा द्या. मी राजीनामा देऊन टाकते.”

“मी कुठे दे म्हटलं?” हर्षल म्हणाला.

“तू नको म्हणूही नाही राहिला.”

“ताई, तूच सांग. मी काहीच करत नाही असं नाही. रविवारी मीच असतो बाबांजवळ. पण माझी रेघ पाहा, केशरी. डॉक्टर म्हणे, सांभाळा, रक्तदाब आहे. हिची हिरवी. मी काय करू? यंत्र काय माझ्या मामाचं आहे?”

“बाबा पडले ना ताई, त्या दिवशीही माझी हिरवीच होती,” योगिता कपबशा उचलत म्हणाली. “दवाखान्यातून आले, चार माणसांचा स्वयंपाक केला, हिरवी. मी मेले तरी हिरवीच राहीन बाप्पा. तेरवी होईपर्यंत.”

हर्षल हसला. सुनयना हसली नाही. वडील पडले त्या दिवशी हिरवी? थकलेल्या ग्रंथीचा प्रश्नच त्या दिवशी नव्हता. तेव्हा तर योगिता धडधाकट होती. कोणत्याही जिवंत माणसाची रेघ त्या संध्याकाळी लाल व्हायला हवी. यंत्र लाखो घरांत बरोबर चालत होते, आणि या घरात तरीही खोटे बोलत होते. महिनाअखेरीस योगिताची नोकरी जाणार होती, आणि ती गेली की या घरात तिला बाहेर नेणारे एकही दार उरणार नव्हते.

संध्याकाळी पाने घेतली. सुनयना माहेरवाशीण; तिचे पान पहिल्या पंगतीत, हर्षलच्या शेजारी. योगिता मध्येच बाबांना मऊ खिचडी भरवायला आत जाई, मध्येच येऊन ताटात गरम पोळी टाकी. वांग्याची भाजी झणझणीत झाली होती. दोघे जेवून उठले, हर्षल हात धुवायला गेला, तोच भिंतीवरचा पडदा उजळला आणि एका गोड बाईच्या आवाजात म्हणाला:

“गावंडे कुटुंबाचं जेवण झालं का?”

“झालं,” हर्षल पंच्याला हात पुसत म्हणाला.

“धन्यवाद. संध्यामापन सुरू होत आहे.”

आतून चमचा वाटीवर वाजल्याचा आवाज आला. बाबांना ठसका लागला, आणि योगिता “हळू, हळू, घाई नाही” म्हणाली.

सुनयना उष्ट्या हाताने तशीच उभी राहिली.

“हर्षल, कुणाचं झालं?”

“कुणाचं म्हणजे? आपलं.”

“योगिता जेवली?”

“जेवेल नं. ती बाबांचं आवरून जेवते.”

“आणि हे ‘झालं’ रोज तूच सांगतोस?”

“मग कोण सांगेल? घराचं एकच सांगायचं असते. तसंच शिकवलं होतं त्यांनी पट्ट्या बसवायला आले तेव्हा.” तो थांबला. “काय झालं ताई? भाजी तिखट लागली का?”

तिने खुर्ची ओढली आणि बसली. दोन वर्षे तिने जे आकड्यांत शोधले, ते आकड्यांच्या अलीकडे पडलेले होते. घराने जेवण झाल्याचे कळवले, की यंत्र प्रत्येकाच्या वाचनातून जेवणाचा चढ वजा करी. हर्षल जेवलेला असे, त्याच्या शरीरात तो चढ खरोखर असे, वजाबाकी बरोबर. योगिता उपाशी असे. तिच्या शरीरात जो चढ आलाच नाही, तोही यंत्र वजा करत होते, आणि त्यासोबत तिचा तेवढा ताण पुसला जात होता. न जेवलेल्या बाईच्या पोटातून जेवण वजा करून यंत्र तिला सुखी ठरवत होते. ती प्रत्यक्ष जेवे तोवर मापनाची वेळ संपलेली असे.

आणि एकट्या राहणाऱ्या, अर्धविकसित स्त्रिया? त्या आपण जेवलो की आपणच सांगत. त्यांची वजाबाकी बरोबर येई. म्हणून त्या लाल होत.

या भिंतीसमोर आपण किती वेळा जेवून उठलो, हे आठवू नये असे तिला वाटले. ‘झालं’ हा शब्द ती दर सुट्टीत ऐकत आली होती.

दुसऱ्या दिवशी तिने फर्मान काढले. आज योगिता आधी जेवेल.

“काहीतरीच काय ताई. बाबांची वेळ होते.”

“बाबांना हर्षल भरवेल.”

“मी?” हर्षल म्हणाला.

“तूच. तुझे वडील आहेत ते, ओळख आहे नं?”

योगिता पानावर बसली. पण बसता येईना. एकदा मिठासाठी उठली, एकदा बाबांच्या उशीसाठी, एकदा कशासाठी ते तिलाही सांगता आले नाही. “कुणी पाहत असलं की मला घास उतरत नाही हो,” ती म्हणाली. सुनयनाने पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आतल्या खोलीत हर्षलने पहिला चमचा बाबांच्या हनुवटीवर उतरवला. बाबांनी मुलाकडे जे पाहिले, त्यात पक्षाघाताने काही कमी केलेले नव्हते.

शेवटचा घास घेऊन योगिता उठली. पडद्याने प्रश्न विचारला.

“झालं,” योगिता म्हणाली.

“क्षमस्व. आपला आवाज नोंदवलेला नाही. कृपया कुटुंबप्रमुखांनी उत्तर द्यावे.”

मग आतून, एका हाताने बाबांची मान सावरत, हर्षल ओरडला, “झालं म्हणते नं ती!”

“धन्यवाद. संध्यामापन सुरू होत आहे.”

दीड तासाने योगिताच्या दंडावर रेघ उमटली. लाल. साधी नाही, गडद, सुनयनाच्या दिवाळीतल्या रेघेपेक्षाही गडद. योगिता दंड दिव्याखाली धरून बराच वेळ पाहत राहिली. सुनयनाला वाटले होते, ती रडेल किंवा चिडेल.

“म्हणजे मी दमले होते,” ती म्हणाली. “मला वाटे, मी आळशी होऊन राहिली. इतकं हिरवं असून उठवत का नाही मला, म्हणून रोज सकाळी स्वतःला बोलायची मी.”

हर्षल दारात बाबांच्या पाण्याची वाटी घेऊन उभा होता. तो पुढचा चमचा द्यायला आत गेला.

एका घराची एक संध्याकाळ म्हणजे पुरावा नव्हे, हे सुनयना वर्गात शिकवत आली होती. तिने आपल्या विद्यार्थिनींना कामाला लावले: ज्यांच्या घरी कुणी आजारी आहे, त्या घरातल्या सांभाळकर्तीने आठवडाभर सर्वांच्या आधी जेवायचे. एवढाच प्रयोग. यंत्र नको, औषध नको, अनुदान नको. मानसशास्त्राच्या इतिहासात याहून स्वस्त प्रयोग कुणी केला नसेल आणि याहून अवघडही. घरोघरी तो अडला. एका सासूने निरोप पाठवला, की सून आधी जेवणार असेल तर तसे विद्यापीठाचे पत्र आणा. सुनयनाने विभागाच्या कागदावर, शिक्का मारून, बाईने भूक लागल्यावर जेवावे अशी लेखी विनंती केली. ते पत्र त्या सासूने देवघराशेजारी लावले, आणि आठवडा संपल्यावर स्वतःही सुनेबरोबर बसू लागली, असे कळले. बाकीच्या घरांतून रेघा आल्या. जवळजवळ सगळ्या लाल.

या रेघा एका टिपणात मांडून तिने प्राधिकरणाच्या निर्णयांवरच्या पुनर्विलोकन समितीकडे अर्ज केला; सुनावणी महिनाअखेरच्या आधीच्या आठवड्यात होती. त्यापूर्वी ती प्राधिकरणात जाऊन खानझोडे यांना भेटली. इतके तिचे त्यांच्याशी नाते होते.

“ये सुनयना, बस. तुझं टिपण वाचलं.” सरांचे केस पूर्ण पांढरे झाले होते, आवाज तसाच, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. “मराठी अजून सुरेख लिहितेस.”

“आणि आकडे, सर?”

“त्रुटी आहे. नाकारत नाही मी. पण कोणत्या मोजणीत नसते? मोठ्या संख्येत ती विरून जाते.”

“विरायला ती दोन्ही बाजूंना पडावी लागते. निम्म्या सांभाळणाऱ्या बायका सगळ्यांच्या आधी जेवत असत्या, तर विरली असती. असं एक घर दाखवा मला.”

“तू मला संख्याशास्त्र शिकवतेस?”

“तुमचंच परत करते आहे.”

ते हसले. मग चष्मा काढून पुसू लागले, आणि सुनयनाला तो वेळ काढण्याचा प्रकार ओळखीचा वाटला.

“तुझा आकडा मान्य केला, तर सेवक किती लागतील याचा विचार केलास? घरोघरी माणूस द्यावा लागेल. एवढी माणसं आणायची कुठून?”

“आता कुठून येतात, सर?”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“समितीपुढे तू ये,” ते शेवटी म्हणाले. “पण मी तिथे वैज्ञानिक म्हणून बोलेन. गुरू म्हणून नाही.”

“तेवढंच मागायला आले होते.”

जिना उतरताना तिला राग यायला हवा होता. यायचा तो केव्हाच येऊन गोठला होता. ज्या माणसाने तिला शिकवले की निरीक्षणाआधी निरीक्षकाला तपासावे, त्याला आपल्या निरीक्षकांत काय दोष होता हे खरोखरच कळले नाही, की कळूनही चालले? पहिले असेल तर तो मूर्ख होता. दुसरे असेल तर तिला त्यांच्या हाताखालची आपली सगळी उमेदवारी नव्याने वाचावी लागणार होती. दोन्हींपैकी काय व्हावे, हे ठरवण्याइतकेही त्राण तिच्यात नव्हते.

सुनावणी एका थंड, उंच छताच्या दालनात झाली. समितीच्या अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती शमीम काझी होत्या. बाई कमी बोलत आणि दुसऱ्याला वाक्य पुरे करू देत. सुनयनाने आपले म्हणणे मांडले. वर्णने टाळली, योगिताचा भाजलेला हात टाळला, फक्त वजाबाकी फळ्यावर करून दाखवली. प्राधिकरणाच्या वकिलांनी तिला विचारले, की डॉक्टर, आपण स्वतः कधी कुटुंबात राहिला आहात का? “जन्मले तिथेच,” ती म्हणाली. वकील पुढच्या प्रश्नाकडे वळले.

योगिता मागच्या बाकावर बसली होती. महाविद्यालयातून अर्धा दिवस सुटी काढून आली होती. राजीनामा पर्समध्ये होता, दिला नव्हता. बाबांजवळ हर्षल थांबला होता. मध्येच त्याचा निरोप आला, तो योगिताने सुनयनाला दाखवला: ‘बाबा पाणी मागतात की लघवी, कसं ओळखायचं?’ तिने एका ओळीत उत्तर लिहिले आणि फोन उलटा ठेवला. इतक्या महिन्यांत ती प्रथमच कुठेतरी बसली होती, सुनयनाच्या लक्षात आले. पाठ टेकून, हात मांडीवर सोडून.

समितीचा आदेश चार दिवसांनी निघाला. हिरव्या रेघेवरून फेटाळलेले अर्ज तात्पुरते मंजूर. सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या जेवणाची वेळ तिने स्वतः, स्वतःच्या आवाजात सांगावी. ही नवी मोजणी होईपर्यंत प्राधिकरणाने ‘सिद्ध’ हा शब्द वापरू नये. अमरावतीला सेवक आला, यवतमाळकडचा, दांडगा, कमी बोलणारा. बाबांनी दोन दिवस त्याच्या हातून काही घेतले नाही, तिसऱ्या दिवशी पाणी घेतले. योगिता पूर्ण वेळ वर्गावर जाऊ लागली. रेघ अजून केशरीच आहे तिची. प्राधिकरण वरच्या न्यायालयात गेले आहे, आणि तिथे काय होईल ते कुणी सांगू शकत नाही. वर्तमानपत्रांनी सुनयनाचे छायाचित्र छापले. तिने ते पाहिले नाही. तिने ठेवला आहे तो सुनावणीच्या इतिवृत्तातला एक उतारा. काझी यांनी खानझोडे यांना एकच गोष्ट विचारली होती: मूळ संशोधनात बायकांना त्यांच्या जेवणाची वेळ कधी विचारलीच नव्हती का? त्यावर ते वैज्ञानिक म्हणून बोलले. इतिवृत्तात ते शब्दशः असे आहे:

“विचारली होती. पहिल्या वर्षी प्रत्येकीला विचारली. उत्तरं यायची, ‘जेवेन’, ‘बसतेच आता’, ‘माझं काय, होईल’. त्यात आकडा नव्हता. जिथे आकडा असे, तिथे तो रोज वेगळा. आलेख विस्कटत होता. मी ती उत्तरं काढून टाकायला सांगितलं आणि घरातल्या पुरुषाला विचारायला लावलं. तो एका शब्दात सांगायचा. ते तिच्यापुरतं खरं नाही, हे मला ठाऊक होतं. मीही घरातच वाढलो आहे. पण आलेख सुबक येत होता.”